सभागृहापासून कपाटापर्यंत : नगर वाचनालयाच्या कार्यक्रमांचा विचार

तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या सभागृहात सायंकाळी व्याख्यान ठरलेले असते. सतरंज्या अंथरलेल्या असतात, समई तेवत असते आणि पहिल्या रांगेतील खुर्च्या निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या असतात. प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि मनोगते यांत पाऊण तास जातो. उरलेला वेळ वक्त्याच्या वाट्यास येतो. आभारप्रदर्शन होते आणि मंडळी घरोघर जातात. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्रासह वृत्त प्रसिद्ध होते. त्याच दिवशी ग्रंथपाल देवघेवीची नोंदवही उघडतो, तेव्हा आदल्या सायंकाळच्या विषयावरील एकही पुस्तक कोणी नेलेले नसते. पुष्कळदा तर ती पुस्तके ज्या कपाटात असतात, त्या कपाटास व्याख्यानाच्या वेळी कुलूपच असते.

कार्यक्रम पार पडला, हे खरे. परंतु वाचनालयाचे काम झाले काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. व्याख्यान मंगल कार्यालयातही होऊ शकते आणि सत्कार शाळेच्या पटांगणातही होऊ शकतो. ज्या इमारतीत हजारो ग्रंथ आहेत, त्या इमारतीत कार्यक्रम घेण्याचे प्रयोजन वेगळे असले पाहिजे. सभागृहात बसलेला माणूस कपाटापर्यंत कसा जाईल, आणि जो सभागृहातही येत नाही त्याच्यापर्यंत वाचनालय कसे जाईल, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने लहान गावातील वाचनालयांच्या कार्यक्रमांचा विचार करणे आवश्यक आहे.

परंपरेचे दोन प्रवाह

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा दीर्घ आहे. रत्नागिरी येथे १८२८ मध्ये वाचनालय स्थापन झाले. त्यानंतर अहमदनगर येथे १८३८ मध्ये, नाशिक येथे १८४० मध्ये, पुणे येथे १८४८ मध्ये आणि कोल्हापूर येथे १८५० मध्ये अशी वाचनालये निघाली. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने त्यांतील अनेक संस्था प्रथम ओळखल्या जात. इंग्रज अधिकारी, नवशिक्षित कारकून, वकील, शिक्षक आणि सावकार हा त्यांचा आश्रयदाता वर्ग होता. वर्गणी भरणारा तो सभासद आणि सभासद तो वाचक, असा तेथील सरळ हिशेब होता. स्त्रिया, कष्टकरी आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातील माणसे यांना या दालनांत दीर्घकाळ जागा नव्हती, हेही या इतिहासाचे अंग आहे आणि ते विसरून चालणार नाही.

त्याच काळात दुसरा एक प्रवाह सुरू झाला, तो व्याख्यानांचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे महाराष्ट्रातील गावोगावी अशा व्याख्यानमाला निघाल्या आणि त्यांतील कित्येकांचे यजमानपद स्थानिक वाचनालयांनी स्वीकारले. ज्यास वाचता येत नाही किंवा पुस्तक परवडत नाही, त्यासही ऐकता येते. म्हणून व्याख्यानाने वाचनालयाचा उंबरठा काहीसा सखल केला, असे म्हणता येईल. तथापि ऐकणे आणि वाचणे या दोन क्रियांना जोडणारी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी उभी राहिली. सभागृह एका बाजूस आणि कपाटे दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी आजही अनेक वाचनालयांत आढळते, तिचे मूळ येथे आहे.

वाचकाकडे जाणारे ग्रंथालय

ही विभागणी मोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न बडोदे संस्थानात झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम हाती घेतले. गावाने वर्गणी जमवावी आणि तीस स्थानिक मंडळाने व संस्थानाने आपापल्या वाट्याची जोड द्यावी, असे तेथील तत्त्व होते. त्यामुळे वाचनालय हे सरकारने दिलेले दान न राहता गावाने उभारलेली संस्था ठरले. जेथे वाचनालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली जात. याच खात्याची एक शाखा पडद्यावरील चित्रे आणि चलच्चित्रे घेऊन खेडोपाडी हिंडत असे. चित्र पाहण्यास गाव जमावे, जमलेल्या गावाच्या मनात जिज्ञासा उत्पन्न व्हावी आणि त्या जिज्ञासेची तृप्ती पेटीतील पुस्तकाने व्हावी, असा या योजनेचा अर्थ होता. कार्यक्रम आणि ग्रंथ यांची सांगड येथे स्पष्टपणे घातलेली दिसते.

दक्षिणेत तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे १९३१ मध्ये बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा त्या विचाराचा गाभा होय. वाचनालयाच्या कार्यक्रमास हीच कसोटी लावता येते. ज्या कार्यक्रमामुळे एखाद्या ग्रंथास नवा वाचक मिळाला, तो कार्यक्रम वाचनालयाचा होय.

ग्रामशिक्षण मोहिमेचा धडा

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर या संदर्भात ग्रामशिक्षण मोहिमेचा अनुभव फार बोलका आहे. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ही मोहीम सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर नेण्यात आली. गावातील शिक्षक, विद्यार्थी आणि शिकलेली तरुण मंडळी यांनी रात्रीच्या वर्गांत प्रौढांना अक्षरओळख करून दिली. सारे गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. लेझीम, मिरवणूक, प्रतिज्ञा आणि पाहुण्यांची भाषणे यांनी गाव दुमदुमून जाई. अशिक्षित म्हणून आयुष्यभर मान खाली घातलेल्या माणसांनी भर सभेत फळ्यावर आपले नाव लिहिण्याचा तो प्रसंग असे. त्या समारंभाचे मोल कमी लेखणे योग्य होणार नाही.

परंतु समारंभ आटोपल्यानंतर हातात काय वाचावयास दिले, यावर पुढचे सारे अवलंबून होते. ज्या नवसाक्षरास सोप्या भाषेतील, मोठ्या टाइपातील, त्याच्या शेतीभातीशी आणि संसाराशी संबंध असलेले पुस्तक नियमाने मिळाले नाही, त्याची अक्षरे काही काळाने पुसट होत गेली. साक्षर झालेला माणूस पुन्हा निरक्षर होतो, ही गोष्ट त्या काळातील कार्यकर्त्यांच्या लक्षात आली होती आणि म्हणूनच फिरत्या वाचनालयांची जोड मोहिमेस देण्याचा प्रयत्न झाला. समारंभाने माणसाची उमेद वाढते. ती टिकवण्याचे काम रोजच्या पुस्तकाचे असते. आजच्या वाचनालयांनीही हा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कायद्याची चौकट आणि स्थानिक जबाबदारी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ हा कायदा १ मे १९६८ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी ग्रंथालय संचालनालयाची स्थापना झाली. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, गावोगावी लोकांनी काढलेल्या वाचनालयांना शासनाने मान्यता द्यावी, त्यांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ असे वर्ग पाडावेत व त्यानुसार अनुदान द्यावे, अशी व्यवस्था त्यात आहे. काही राज्यांप्रमाणे महाराष्ट्रात ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसवलेला नाही. परिणामी वाचनालय चालवण्याची जबाबदारी मुख्यतः स्थानिक कार्यकारी मंडळावर आहे आणि त्याचे यशापयशही त्या मंडळाच्या उत्साहावर अवलंबून राहते.

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने, जी १९९३ मध्ये अमलात आली, पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांची अकरावी अनुसूची जोडण्यात आली. त्या अनुसूचीत प्रौढ शिक्षण, ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्य हे तीन विषय लागोपाठ आले आहेत. हा क्रम योगायोगाचा असला, तरी अर्थपूर्ण आहे. कारण खेड्यात या तीन कामांना वेगवेगळी माणसे, वेगवेगळ्या इमारती आणि वेगवेगळा निधी मिळणे दुरापास्त असते. एकच वाचनालय या तिन्ही कामांचे केंद्र होऊ शकते.

उदाहरणादाखल एक कार्यक्रम : सातबारा वाचूया

कार्यक्रमाची आखणी कशी करावी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ग्रामीण भागात जवळजवळ प्रत्येक घराशी निगडित असा कागद म्हणजे सातबाराचा उतारा. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आहे आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. आठ-अ या उताऱ्यात एका खातेदाराच्या नावावरील सर्व जमिनीचा एकत्रित तपशील असतो. हे उतारे आता संगणकावरही उपलब्ध होतात आणि २०२१ पासून शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीद्वारे स्वतः करता येते. असे असूनही आपला उतारा स्वतः वाचून समजून घेणारे खातेदार थोडे आणि दुसऱ्याकडून वाचून घेणारे पुष्कळ, अशी स्थिती दिसते.

वाचनालयाने या विषयावर दुपारी दोन ते चार या वेळात कार्यक्रम योजावा. ही वेळ मुद्दाम सुचवली आहे, कारण सायंकाळी सहाला ठेवलेल्या कार्यक्रमास स्त्रिया येऊ शकत नाहीत. तो वेळ चुलीचा, गुराढोरांचा आणि मुलांच्या परतण्याचा असतो. निवृत्त तलाठी किंवा मंडळ अधिकारी यांस वक्ते म्हणून बोलवावे. भाषणाऐवजी नमुना उताऱ्याची मोठ्या अक्षरांतील प्रत भिंतीवर लावून रकाना रकाना समजावून द्यावा. उपस्थितांनी आपापला उतारा बरोबर आणावा, असे आधी कळवावे.

अशा कार्यक्रमात एक प्रश्न हमखास निघतो, तो वारस नोंदीचा. वडील वारल्यानंतर उताऱ्यावर भावांची नावे चढली आणि बहिणीचे नाव राहिले, असे गावागावांत घडलेले आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने दिला आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तो देशभर मान्य झाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. प्रत्येक घरची वस्तुस्थिती निराळी असते; पूर्वी झालेल्या वाटण्या, मृत्युपत्रे आणि हक्कसोडपत्रे यांचा परिणाम हक्कावर होतो. म्हणून वाचनालयाने निवाडा देण्याच्या भरीस पडू नये. परंतु कायद्याची माहिती देणारे सोपे पुस्तक, फेरफाराच्या नोटिशीवर मुदतीत हरकत घ्यावी लागते ही जाणीव, आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता, एवढे तरी वाचनालयाने हाती द्यावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळू शकते, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

भर सभेत असा प्रश्न विचारणे कोणत्याही स्त्रीस सोपे नसते. सभागृहात तिचे दीर, भाऊबंद आणि गावकारभारी बसलेले असण्याचा संभव असतो. म्हणून चिठ्ठीवर, नाव न लिहिता, प्रश्न देण्याची सोय ठेवावी आणि लिहिता न येणाऱ्या स्त्रीसाठी शाळेतील शिक्षिकेने चिठ्ठी लिहून द्यावी. कार्यक्रमानंतर आठवडाभर त्या विषयाची पुस्तके ग्रंथपालाच्या मेजावरच ठेवावीत. दुसऱ्या दिवशी कोणी स्त्री बिचकत येऊन तेच पुस्तक मागेल, तर तिला कारण विचारू नये. वाचकाने कोणते पुस्तक नेले, याची वाच्यता ग्रंथपालाने करावयाची नसते. लहान गावात हा नियम पाळणे कठीण असते आणि म्हणूनच तो कसोशीने पाळला पाहिजे.

कार्यक्रमाची पद्धत

वरील उदाहरणावरून काही सर्वसाधारण सूत्रे काढता येतात.

पहिले सूत्र विषयाच्या निवडीचे. विषय कार्यकारी मंडळाच्या बैठकीत सुचण्यापेक्षा वाचकांच्या प्रश्नांतून निघावा. यासाठी प्रवेशद्वाराजवळ एक वही ठेवावी आणि ज्यास जे जाणून घ्यावयाचे असेल ते त्याने तीत लिहावे. पाणीपट्टी, शिष्यवृत्ती, विंचूदंशावरील उपचार, जनावरांचे लसीकरण, मुलांच्या डोळ्यांचे विकार असे विषय त्या वहीत आपोआप जमा होतात.

दुसरे सूत्र पूर्वतयारीचे. वक्ता ठरण्यापूर्वी त्या विषयावर आपल्या संग्रहात काय आहे, हे ग्रंथपालाने पाहावे. पाच पुस्तकेही नसतील तर प्रथम ती आणावीत किंवा जिल्हा ग्रंथालयाकडून काही दिवसांसाठी मागवावीत आणि मगच दिनांक निश्चित करावा.

तिसरे सूत्र वेळेचे. दीड तासाचा कार्यक्रम असेल, तर स्वागत व परिचय पाच मिनिटांत आटोपावा, वक्त्यास चाळीस मिनिटे द्यावीत, प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवावा आणि उरलेला वेळ पुस्तके पाहण्यास व नेण्यास मोकळा सोडावा. पाहुण्यांचे स्वागत एका पुस्तकाने करावे आणि ते पुस्तक त्यांनी वाचनालयासच परत द्यावे, असा प्रघात पाडल्यास हार व शाली यांवरील खर्च वाचतो आणि संग्रहही वाढतो.

चौथे सूत्र देवघेवीचे. कार्यक्रमाच्या दिवशी देवघेव विभाग शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उघडा असावा. नव्या माणसास तेथल्या तेथे, शक्य तितक्या कमी अनामतीवर, सभासद करून घ्यावे. अनामत भरणे शक्य नसेल, तर शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य किंवा जुना सभासद यांची हमी पुरेशी मानावी.

पाचवे सूत्र मोजदादीचे. किती लोक आले, हा एकच आकडा अहवालात देण्याची प्रथा आहे. त्यास आणखी तीन आकड्यांची जोड द्यावी. प्रथमच वाचनालयात आलेले किती, पुढील पंधरा दिवसांत त्या विषयाची पुस्तके किती वेळा बाहेर गेली, आणि कोणत्या प्रश्नांना उत्तर देता आले नाही. तिसरा आकडा सर्वांत उपयुक्त. कारण पुढील ग्रंथखरेदीची यादी त्यातूनच तयार होते.

वर्षाचा आराखडा

वर्षातील काही दिवस निमित्ते म्हणून उपयोगी पडतात. सावित्रीबाई फुले यांची जयंती ३ जानेवारीस असते. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा १४ ते २८ जानेवारी या काळात साजरा होतो आणि कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती १४ एप्रिलला आणि जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिलला असतो. डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन होय. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह १४ ते २० नोव्हेंबर असा असतो.

दिवाळी अंक ही तर मराठी वाचनाची खास मिरासदारी. ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा रुजली. अल्प वर्गणीत दोन-तीन महिने दिवाळी अंक फिरवण्याची योजना अनेक वाचनालये राबवतात आणि एरवी न फिरकणारे वाचकही त्या निमित्ताने येतात. या वाचकांना हंगाम संपल्यावर पुस्तकांकडे वळवणे हे ग्रंथपालाचे कौशल्य होय. अंकात ज्या लेखकाची कथा आवडली, त्याचा कथासंग्रह पुढच्या खेपेस काढून ठेवला, तर हंगामी सभासद कायमचा होतो.

मात्र दिनविशेषांचा अतिरेक टाळावा. वर्षभरात बारा प्रतिमापूजने करण्यापेक्षा चार कार्यक्रम पाठपुराव्यासह करणे श्रेयस्कर. प्रतिमेस हार घालून पाच मिनिटांत संपणाऱ्या कार्यक्रमाची नोंद अहवालात होते. वाचकाच्या मनात होत नाही.

मुले आणि अभ्यासिका

मुलांसाठी उन्हाळ्याची सुट्टी हा उत्तम काळ. आठवड्यातून दोनदा तासभर कथाकथन, मुलांनीच वाचून दाखवलेला उतारा, गावातील झाडांची किंवा पक्ष्यांची यादी, आजीकडून ऐकलेल्या ओव्या आणि म्हणी यांचा संग्रह, असे उपक्रम जवळजवळ विनाखर्चाचे आहेत. जास्तीत जास्त पुस्तके वाचणाऱ्यास बक्षीस, ही स्पर्धा मात्र विचारपूर्वक ठेवावी. मुले पाने उलटतात आणि पुस्तके बदलतात. त्याऐवजी आवडलेल्या एका पुस्तकाविषयी चार वाक्ये बोलण्याची संधी प्रत्येकास द्यावी. मुलांच्या पुस्तकांचे कपाट त्यांच्या उंचीचे असावे आणि ते उघडे असावे.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेमुळे अनेक वाचनालयांत तरुणांची वर्दळ वाढली आहे, ही समाधानाची बाब आहे. ज्या घरात एकच खोली आहे, त्या घरातील मुलास शांत जागा आणि दिवा मिळणे ही मोठीच सेवा होय. परंतु हे विद्यार्थी आपली पुस्तके घेऊन येतात, खुर्ची धरतात आणि जातात. संग्रहाशी त्यांचा संबंध येत नाही. अभ्यासिकेतील तरुणांनी आठवड्यातून एक तास वाचनालयास द्यावा, अशी विनंती केल्यास उभयपक्षी लाभ होईल. कोणी मुलांना वाचून दाखवील, कोणी वृद्धास अर्ज भरून देईल, तर कोणी ग्रंथांची नोंद संगणकावर करील. शासनसेवेत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणास जनतेच्या प्रश्नांचा याहून चांगला परिचय अन्यत्र होणार नाही.

उंबरठ्याबाहेरचे वाचक

प्रत्येक गावात अशी काही माणसे असतात की, ज्यांना वाचनालय आपले वाटत नाही. दूरच्या वस्तीवरील शेतमजूर, हंगामात कारखान्याच्या परिसरात येऊन राहणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबे, दृष्टी गेलेले वृद्ध आणि घराबाहेर पडण्यास संकोचणाऱ्या सुना यांचा त्यांत समावेश होतो. आजचे वाचनालय सर्वांस खुले आहे. परंतु दार उघडे असणे आणि आत येण्याचा धीर होणे यांत अंतर असते. ज्या पिढ्यांना अशा दालनांत प्रवेश नव्हता, त्यांच्या वारसांस तो धीर देण्याची जबाबदारी वाचनालयाची आहे.

यासाठी बडोद्याची पेटी आजही उपयोगी आहे. तीस-चाळीस पुस्तकांची पेटी महिन्यासाठी वस्तीवर, अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीच्या जागी ठेवावी आणि तेथीलच एका व्यक्तीकडे नोंदवही सोपवावी. बैठकीच्या शेवटी दहा मिनिटे एकीने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. दिसत नसलेल्यांसाठी अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांनी वाचनाचा वार ठरवून घ्यावा. पेटीतील दोन-चार पुस्तके हरवतील किंवा फाटतील, हे गृहीत धरावे. न हाताळता जपलेल्या पुस्तकापेक्षा हाताळून फाटलेल्या पुस्तकाने आपले काम अधिक केलेले असते.

अडचणी आणि साहाय्य

या सर्व कामात अडचणी आहेत, हे मान्य केले पाहिजे. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच सेवक असतो. वृत्तपत्रे लावणे, देवघेव, झाडलोट, पत्रव्यवहार आणि हिशेब हे सारे त्यालाच पाहावे लागते आणि त्यास मिळणारे मानधन तुटपुंजे असते. अशा सेवकाकडून नवनवीन उपक्रमांची अपेक्षा करताना त्याच्या हाताखाली माणसे देणे क्रमप्राप्त आहे. ती माणसे गावातूनच मिळतात.

शिक्षकांनी आपल्या वर्गाचा महिन्यातील एक तास वाचनालयात घ्यावा. ग्रामपंचायतीने वीज, पाणी आणि जागेची दुरुस्ती यांचा भार उचलावा आणि वाचनालयाच्या वर्षभराच्या कार्यक्रमाची रूपरेषा ग्रामसभेपुढे ठेवावी. आरोग्य, कृषी, महसूल व पशुसंवर्धन या खात्यांच्या स्थानिक कर्मचाऱ्यांस जनजागृतीचे कार्यक्रम घ्यावेच लागतात. ते त्यांनी वाचनालयात घ्यावेत आणि आपल्या खात्याची पुस्तिका तेथे कायम ठेवावी. यास वेगळा निधी लागत नाही, परस्परांशी बोलणे तेवढे लागते.

व्याख्यानाची सायंकाळ पुन्हा येईल. सतरंज्या अंथरल्या जातील, समई लावली जाईल आणि वक्ता बोलावयास उभा राहील. त्या वेळी शेजारच्या खोलीतील कपाटांची कुलपे काढलेली असावीत, ग्रंथपालाच्या मेजावर विषयाची पुस्तके मांडलेली असावीत आणि नोंदवहीचे पान उघडलेले असावे. दुसऱ्या दिवशी त्या पानावर एका नव्या वाचकाचे नाव जरी आढळले, तरी आदल्या सायंकाळचा कार्यक्रम वाचनालयाच्या कारणी लागला, असे समजण्यास हरकत नाही.